पाच मिलिमीटरचं दार

वच्छलाबाई निखाडे पळून गेल्या, ही बातमी भिलाईच्या जुनवानीत पहिल्यांदा कुजबुजली ती शेजारच्या रत्नमालाबाई हेडाऊंनी. आणि कुजबुजली म्हणजे अशी, की पलीकडच्या गल्लीतल्या दूधवाल्यालाही शब्द न् शब्द ऐकू जावा. बाईंचं वय सत्तावन्न, पेशा शिक्षिकेचा, आणि पळाल्या कोणाबरोबर, तर पावर हाउस भागातल्या, गाड्यांचा पत्रा ठोकणाऱ्या भैयालाल डेंटरबरोबर. जूनची तीस तारीख, सकाळचे साडेसहा. गाडी बाई स्वतः चालवत होत्या. मागच्या सीटवर पत्र्याची पेटी होती. आणि डेंटर शेजारच्या सीटवर पार वळून, खिडकीकडे तोंड करून बसला होता. आता माणूस खिडकीकडे तोंड करून काऊन बसतो? तोंड लपवायला. हे काय कोणी समजावून सांगायला पाहिजे?

रत्नमालाबाईंचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यामुळे त्यांच्या घरच्या बातम्या दुर्गच्या लाइनीनंच जातात. नऊ वाजता ही बातमी देवळात होती, दहाला डोंगरगढच्या नणंदेकडे, साडेदहाला गोंदियाच्या भाच्याकडे, आणि अकराच्या आत नागपूरला पोचली. एवढ्या वेळेवर त्या लाइनीवर दुसरं काही पोचत नाही.

तर या वच्छलाबाई. तुमसरहून लग्न होऊन भिलाईत आल्या, शिक्षिका झाल्या, आणि एकोणतीस वर्षं एकाच जातीच्या लाकडी खुर्चीवर बसून मुलांच्या वह्या तपासल्या. सहा वर्षांपूर्वी प्रधानपाठिकेचं, म्हणजे मुख्याध्यापिकेचं, प्रमोशन आलं. गाव अहिवाऱ्याच्या पुढं, चुनखडीच्या खदानीकडं. बस अहिवाऱ्यात सोडते. तिथून आत नऊ किलोमीटर, आणि त्या नऊ किलोमीटरवर ट्रकांशिवाय दुसरं काही चालत नाही. बाईंनी नकार लिहून दिला. त्यानंतर ज्या पोरीला त्यांनी हजेरीचं रजिस्टर कसं भरायचं ते शिकवलं होतं, ती पोरगी त्यांच्याच शाळेत प्रधानपाठिका होऊन आली आणि त्यांच्या रजेच्या अर्जावर लाल पेननं शेरे मारू लागली. बाईंनी सहा वर्षं ते शेरे वाचले.

या वर्षी पुन्हा ऑर्डर आली. तेच गाव. तीस जूनपर्यंत रुजू व्हा, नाहीतर प्रमोशन नको आहे असं समजू. ऑफिसातल्या बाबूनं चष्म्यावरून पाहत सांगितलं, दुसरा नकार म्हणजे शेवटचा. तिसरी ऑर्डर निघत नसते.

ऑर्डर येणार हे बाईंना आधीच कळलं होतं. त्यांनी काय केलं, तर फेब्रुवारीत मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरींबरोबर बसून क्लच-ब्रेक शिकल्या, परीक्षा दिली, लायसन काढलं. एप्रिलमध्ये स्मृतिनगरच्या एका डॉक्टरची अकरा वर्षं जुनी छोटी पांढरी गाडी घेतली. गाडी नीट होती. डॉक्टर लोक गाडी चालवतात कमी आणि पुसतात जास्त. दोष एकच. डावीकडच्या पुढच्या दाराच्या खालच्या कडेला रुपयाएवढा गंज.

एवढा रुपयाएवढा गंज नसता तर ही गोष्ट नसती. पण गंज होता, आणि घरात कृष्णराव होते.

बाईंचे यजमान कृष्णराव निखाडे छत्तीस वर्षं भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये, प्लेट मिलमध्ये होते. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, म्हणजे फक्त प्लांटमधून. आयुष्यभर ज्या माणसानं हातभर जाडीच्या तापलेल्या लोखंडाच्या लाद्या रोलरांखाली चपट्या होताना पाहिल्या, त्याला जगातली बाकी प्रत्येक वस्तू कागदासारखी वाटणारच. घराचं फाटक त्यांनी स्वतः केलेलं, जाड प्लेटचं. ते ढकलायला दोन माणसं लागतात. कितीतरी पाहुणे कुलूप आहे समजून परत गेले. कूलरच्या स्टँडवर हत्ती उभा राहील. तुळशीलासुद्धा खडबडीत नक्षीच्या चेकर्ड प्लेटचं वृंदावन. मे महिन्यात ते असं तापलं की तुळस मुळांसकट भाजून निघाली. बाईंनी दुसरी तुळस मातीच्या कुंडीत लावली आणि कुंडी मागच्या दाराशी, नवऱ्याच्या नजरेआड ठेवली.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी कृष्णरावांनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्या गंजाला टोचलं. तो आरपार गेला. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्या तोंडावर शिवी दिली.

"हा काय पत्रा हाय? पापड हाय पापड."

"अहो, रुपयाएवढा तर गंज हाय," बाई म्हणाल्या. "पावर हाउसले भैयालाल आहे ना, त्याले दाखवू. दोन दिवसांत करून देईन."

"छत्तीस वर्षं लोखंडात गेले माहे, आन् मी डेंटरकडं जाऊ? तो ठोकपीट्या? आन् आता कोणी डेंटरकडं जात नाही. हे पाय."

त्यांनी मोबाइल पुढं केला. त्यात काळे हातमोजे घातलेला एक दाढीवाला माणूस घरबसल्या गाडीला नवा लुक कसा द्यायचा ते दाखवत होता. मागं ढोल वाजत होते. गंज घासला, पुट्टी लावली, चाकांवर फुगीर कमानी चढवल्या, रंग मारला, आणि एकोणीस मिनिटांत भंगारातली गाडी लग्नातल्या नवरदेवासारखी उभी राहिली. तळाशी लिहिलं होतं की हे नवशिक्यांसाठी आहे.

"एकोणीस मिनिटांचं काम हाय," कृष्णराव म्हणाले.

त्या एकोणीस मिनिटांना नऊ आठवडे लागले.

पहिल्या दिवशी ग्राइंडर चालला. गंज रुपयाएवढा होता, पण कृष्णरावांनी म्हटलं, रोग मुळापासून काढायला पाहिजे, आणि दार, बोनेट, मागच्या डाव्या चाकावरचा पत्रा, सगळं खरवडून टाकलं. गच्चीवर बाईंनी मुगवड्या वाळत घातल्या होत्या. रंगाची पांढरी भुकटी उडाली ती सगळी त्यांच्यावर बसली. त्या वर्षीच्या मुगवड्यांना अशी चव होती की घरात येणाऱ्या मांजरीनं एक हुंगली आणि ती चार दिवस फिरकली नाही.

मग पुट्टी आली. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायचं तर, डब्यात एक करडा लगदा असतो आणि बरोबर एक छोटी लाल ट्यूब. लगद्यात ट्यूबमधलं हार्डनर नखाएवढं मिसळायचं, म्हणजे तो हळूहळू घट्ट होतो. मिसळायला सपाट पाटी लागते. वच्छलाबाई शाळेतून आल्या तेव्हा कृष्णराव पोर्चमध्ये मांडी घालून बसले होते आणि पुट्टी त्यांच्या पोळपाटावर कालवत होते. पसरवायला हातात उलथणं होतं. हार्डनर मोजायला मिसळणाच्या डब्यातला चमचा.

"हे काय करून राहिले तुमी?"

"धुऊन देतो ना."

धुऊन कुठून द्यायला. एका चमच्याऐवजी दोन पडले होते. बाई बोलत होत्या तेवढ्यात पुट्टी पोळपाटावरच दगड झाली आणि उलथणं तिच्यात उभंच राहिलं. आजही ते तसंच आहे. त्या संध्याकाळी बाईंनी पोळ्या ताटाच्या पाठीवर लाटल्या.

घरभर थिनरचा वास बसला. असा वास की दुधावर साय आली तरी ती रंगाच्या डब्यावरची साय वाटावी. कृष्णरावांच्या भुवयांत पुट्टी, कानांच्या पाळ्यांवर पुट्टी, नखांत तर कायमची. आणि त्याच बोटांनी ते वरणभात कालवायचे, बोटं चाटायचे, वर म्हणायचे, "मीठ कमी हाय." बाई भिंतीकडं तोंड करून जेवू लागल्या. एक दिवस भिंतीवरही करडे शिंतोडे दिसले. मग त्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानं जेवू लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात चाकांवरच्या कमानी सुरू झाल्या. त्या कशासाठी, हे कोणी विचारू नये. दाढीवाल्यानं केल्या म्हणून. त्यासाठी जो फवारल्यावर फुगणारा फेस लागतो तो मिळाला नाही, म्हणून कृष्णरावांनी माळ्यावरच्या जुन्या गादीतला फोम काढला. ज्या गादीवर त्यांच्या दोन्ही मुलांनी लहानपणी केव्हा काय केलं याचा हिशोब नाही, ती गादी. तो फोम कापून चाकांवर चिकटवला आणि वरून राळ ओतली. पोळपाटाचा अनुभव ताजा असल्यामुळं या वेळी हार्डनर जपून घातलं, म्हणजे जवळजवळ घातलंच नाही. राळ वाळेचना. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात ती घामेजून चिकचिकत राहिली, आणि त्यावर ज्या माशा बसल्या त्या उठल्याच नाहीत. माशा, चिलटं, एक झुरळ, आणि मांजर परत आली होती तिच्या शेपटीचे केस. कृष्णरावांनी दहा दिवस वाट पाहिली आणि त्या सगळ्यावरून तांबडा ऑक्साइड प्राइमर मारला.

"अहो, आतमधी माशा हाय," बाई म्हणाल्या.

"टेक्चर म्हणतात त्याले."

बाईंना ओकारी आली. खरोखर आली. त्या आत गेल्या आणि चूळ भरली.

गाडी आता अशी दिसत होती: बोनेट करडं, छत पांढरं, डावी बाजू तांबडी, मधूनमधून पुट्टीचे पिवळट डाग, आणि चारी चाकांवर गालगुंड झाल्यासारखे फुगवटे. रत्नमालाबाई रोज साखर मागायला येत. त्या घरात साखर खात कोणी नव्हतं, दोघांनाही शुगर. पण गाडी बघायची म्हणजे निमित्त पाहिजे.

"वच्छला, तुह्या गाडीले गोवर निघाला का वं?"

"होव. लांब उभी राह्य, तुले लागन."

हे तोंडावर. एकट्या असल्या की बाई कॅलेंडर बघत. सोळा जूनला शाळा उघडल्या. त्या जुन्या शाळेत गेल्या. लाल पेनवाल्या पोरीनं गोड हसून विचारलं, "मॅडम, या वेळी तरी जाताय ना?" बाई म्हणाल्या, जाते. घरी येऊन पाहिलं, तर गाडीला डावं दारच नव्हतं.

दार अंगणात आडवं होतं. खालचा गंजका भाग कृष्णरावांनी कापून काढला होता आणि त्या जागी नवा पत्रा वेल्डिंगनं जोडत होते. गाडीचा पत्रा पाऊण मिलिमीटरचा, आणि यांच्या हातात प्लांटच्या सवयीचा जाड रॉड. जिथं टेकवला तिथं भोक. संध्याकाळपर्यंत दाराची चाळणी झाली. दुसरा कोणी असता तर इथं थांबला असता, भैयालालकडं गेला असता. पण कृष्णरावांना चूक कुठं आहे ते लगेच कळलं. चूक पत्र्याची होती. पत्रा पातळ होता.

ते भंगार बाजारात गेले आणि पाच मिलिमीटरची प्लेट घेऊन आले.

प्लेट मिलच्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कोणाला सुचणार नाही, आणि प्लेट मिलच्या माणसाला ती चूक वाटणार नाही. दाराचा खालचा अर्धा भाग त्यांनी पाच मिलिमीटरच्या प्लेटचा केला, बारा नट-बोल्ट मारले, आणि सत्तावीस तारखेला ते दार एकट्यानं उचलून जागेवर चढवलं. बिजागऱ्या कुरकुरल्या म्हणून त्यांच्यावरून वेल्डिंगही मारून टाकलं, पक्कं. मग सरळ उभे राहायला गेले, ते राहता आलं नाही. कंबरेत काहीतरी कट्कन झालं. बाईंनी त्यांना धरून आणून दिवाणावर टाकलं. दिवाणही प्लेटचाच, त्यामुळं तो मोडला नाही.

दार लागत मात्र नव्हतं. स्वतःच्या वजनानं ते खाली लोंबलं होतं, आणि त्याची कडी जिथं अडकायची त्या खाचेच्या बोटभर खाली येत होती.

एकोणतीस तारखेला शाळा सुटल्यावर वच्छलाबाई ऑटोनं पावर हाउसला गेल्या आणि भैयालालला घेऊन आल्या. भैयालाल साठीचा, छत्तीसगढी माणूस. चाळीस वर्षं गाड्या ठोकून सरळ करणारा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. हात लावला नाही. फुगवट्याजवळ वाकला, माशा दिसल्या, मागं सरकला. तोंडातलं पान थुंकायला कोपऱ्यात गेला, परत येऊन पुन्हा पाहिलं, आणि पुन्हा थुंकायला गेला. पान मात्र पहिल्याच वेळी संपलं होतं.

"साहब," तो खिडकीतून आत बघत म्हणाला, "ये दरवाजा है कि किले का फाटक?"

"पाच एमएम हाय," दिवाणावरून आवाज आला. "पन्नास वर्षं काही होत नाही त्याले."

"दरवाजे को कुछ नहीं होगा साहब. गाड़ी मर जाएगी." तो बाईंकडं वळला. "मैडम, दरवाजे का पूरा खंभा झुक गया है. निकाल भी नहीं सकते, कब्जे पर वेल्डिंग मार दी. आठ दिन लगेंगे."

दोघांनी दोरी बांधून पाहिली. बाईंनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली. पहिल्याच स्पीड ब्रेकरवर दोरी सुटली आणि दार म्हशीच्या जिभेसारखं बाहेर लोंबलं.

"उद्या शेवटची तारीख हाय," बाई घरात येऊन म्हणाल्या. कोणाला असं नाही. नुसतं म्हणाल्या.

"मग मेडिकल टाक," कृष्णराव कण्हत म्हणाले. "महिनाभराची मुदत माग. तवरक मी रंग पुरा करतो. आन् मी म्हणतो वच्छला, एवढी घाई काऊन? पाच वर्षं तर राहिले तुहे. त्या ट्रकांमधी तुले जमणार तरी हाय का?"

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. त्या माणसाच्या कानात पुट्टी होती. भुवईत होती. उशीवर प्राइमरचा तांबडा डाग पडला होता. आणि जिच्या सहा वर्षं अडलेल्या प्रमोशनला, लायसनला, गाडीला यानं नऊ आठवडे हातोड्यानं ठोकलं, तिलाच हा विचारत होता, जमणार आहे का.

"फाटक केलं, मी काही म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुळस जाळली, नाही म्हटलं. पोळपाटावर तुमी ती घाण कालवली, तवाही गप बसली. आता मुकाट पडून राहा. आन् हात धुतल्याबिगर माह्या डब्याले लागू नका."

ऑटोनं जाता आलं असतं. पण बाईंना एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. उद्या ऑटोनं गेलं, तर परवाही ऑटोनंच जावं लागेल, आठ दिवसांनी परवडणार नाही, आणि ही गाडी जन्मभर पोर्चमध्ये उभी राहून रोज थोडी थोडी फुगत जाईल.

त्या बाहेर आल्या. भैयालाल फाटकाशी उभा होता. दोघांचं हळू आवाजात काही बोलणं झालं. तेवढंच बोलणं रत्नमालाबाईंना ऐकू आलं नाही, आणि जे ऐकू येत नाही ते त्या स्वतः तयार करतात.

तीस तारखेला सकाळी जे निघाले ते रत्नमालाबाईंनी पाहिलंच. सुपेला चौकात ट्रॅफिकच्या शिपायानं हात वर केला, गाडी पाहिली, आणि हात खाली घेतला. नंदिनी रोडला चहाच्या टपऱ्यांवरचे लोक कप हातात घेऊन उभे राहिले. तिसाच्या वर काटा गेला नाही. अहिवाऱ्याच्या पुढं चुन्याची धूळ, मागून ट्रकांचे भोंगे, पुढून ट्रकांचे भोंगे. बाईंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ते त्यांनी शाळेच्या आवारात कडुलिंबाखाली गाडी थांबेपर्यंत सैल केलं नाही.

शाळेचा चपराशी धावत आला. गाडी बघून त्याचा चेहरा पडला.

"मैडम, एक्सीडेंट हो गया क्या?"

"नहीं," वच्छलाबाई म्हणाल्या. "घर का काम है."

साडेदहाला त्यांनी रुजू झाल्याची सही केली. निळ्या पेननं. मग खुर्ची पुसली आणि बसल्या.

इकडं घरी कृष्णरावांचा मोबाइल वाजत होता. आधी देवळातून, मग डोंगरगढहून, मग नागपूरच्या मेहुण्याचा. "भावजी, हे काय ऐकून राहिलो आमी? वच्छलाताई त्या डेंटरसंगं गेली?" आणि आता जे सांगायचं आहे ते सांगताना तोंडात कडू येतं. कृष्णराव नाही म्हणाले नाहीत. दिवसभरात चौदा फोन आले, चौदांना एकच उत्तर: "पाहू आता. संध्याकाळपर्यंत पाहू." शेवटी रत्नमालाबाई स्वतः साखरेची वाटी घेऊन आल्या, डोळ्यांना पदर लावून, म्हणाल्या, "भाऊजी, मन घट्ट करा." तरी हा माणूस छताकडं बघत राहिला. नाही म्हणायचं, तर भैयालाल गाडीत का बसला होता ते सांगावं लागलं असतं. ते सांगायचं, तर दाराचं सांगावं लागलं असतं. बायको पळाली हे परवडलं, पण पाच एमएमची प्लेट चुकली हे परवडलं नाही.

बाई साडेपाचला परत आल्या. भैयालालला त्यांनी वाटेत पावर हाउसला उतरवलं होतं, आणि त्याच्या दुकानातल्या माणसानं गाडीच्या खांबाला साखळदंड मारून दार तात्पुरतं बांधून दिलं होतं. पंधरावा फोन पुन्हा मेहुण्याचा आला, तो त्यांनीच घेतला. सगळं ऐकलं. मग नवऱ्याकडं पाहिलं, पोळपाटाकडं पाहिलं होतं तसं. फोन त्याच्या छातीवर ठेवला आणि आपलं ताट घेऊन ओट्याशी गेल्या.

खरी गोष्ट एवढीच आहे. वच्छला निखाडे त्या दिवशी नव्या शाळेत रुजू व्हायला गेल्या. पेटीत भैयालालची हत्यारं होती. डावं दार लागत नव्हतं, म्हणून भैयालाल जुनवानीपासून शाळेपर्यंत ते दोन्ही हातांनी धरून बसला होता.